शिट्टी येऊ द्या

कागदावर लिहिलं होतं: चार माइक, छताच्या पाइपांना टांगलेले. प्रत्येक माइकच्या बरोबर खाली एक स्पीकर, उताणा, तोंड छताकडे. माइक आणि स्पीकर यांत वीतभर अंतर. ज्याचा आवाज त्याच्याच खालच्या स्पीकरला. आणि सगळ्यात शेवटी, अधोरेखित करून: फीडबॅक हवा आहे.

‘‘शेवटची ओळ बरोबर आहे ना?’’ मी फोन करून विचारलं.

‘‘बरोबर आहे काका. फीडबॅक हेच तर वाद्य आहे,’’ पलीकडून ती मुलगी म्हणाली.

ध्वनिव्यवस्थेच्या धंद्यात माझी हयात गेली. या धंद्यात एकच गोष्ट कटाक्षानं टाळायची असते, ती म्हणजे शिट्टी. माइकनं ऐकलेलं स्पीकर बोलतो, स्पीकर बोललेलं माइक पुन्हा ऐकतो. हे चक्र दर फेरीला वाढत गेलं की बघता बघता सभागृहात किंकाळी उठते. पाहुणे कानांवर हात ठेवतात, निवेदिका दचकते आणि सगळ्या माना मागे मिक्सरकडे वळतात. गणेशोत्सवातली व्याख्यानं, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, पुस्तक प्रकाशनं, एकसष्ट्या, शोकसभा, सगळीकडे नियम एकच. शिट्टी आली नाही तर आपल्याकडे कुणी बघत नाही, आणि कुणी बघितलं नाही की काम चोख झालं असं समजायचं.

ती मुलगी फिल्म इन्स्टिट्यूटमधून ध्वनिमुद्रण शिकून बाहेर पडलेली. तिनं आणि तिच्या मित्रमंडळींनी मिळून प्रयोगशील संगीताची एक संध्याकाळ ठरवली होती. जागा पेठेतल्या एका छोट्या नाट्यगृहाची. शे-सव्वाशे खुर्च्या, तिन्ही बाजूंनी काळे पडदे, डोक्यावर लाइट टांगायला लोखंडी पाइपांची जाळी. एकांकिकांच्या स्पर्धा आणि छोटे गाण्याचे कार्यक्रम यांच्या निमित्तानं ही जागा मला पाठ होती. आमच्या धंद्यात जागा पाठ असणं म्हणजे ती कुठल्या स्वराला ओरडते हे ठाऊक असणं. कार्यक्रमाआधी रिकाम्या हॉलमध्ये आवाज हळूहळू वाढवत न्यायचा. पहिली शिट्टी आली की तिचा आकडा ओळखायचा आणि इक्वलायझरवरची तेवढीच पट्टी खाली ओढायची. मग पुन्हा वाढवायचं, दुसरी शिट्टी पकडायची. या हॉलची पहिली शिट्टी यायची २५० हर्ट्झच्या आसपास, पाठोपाठ ३१५ला, आणि मग एकदम वर, अडीच हजारांच्या घरात. माझ्या ३१ पट्ट्यांच्या इक्वलायझरवर या हॉलपुरत्या त्या पट्ट्या कायम खाली असत. कुणी गायला येवो की भाषणाला, हॉलचा स्वतःचा आवाज आधी कापून टाकायचा आणि मग माणसाचा आवाज सोडायचा, ही माझी पद्धत. सगळ्यांचीच ती असते.

त्या संध्याकाळी मला नेमकं याच्या उलट काम करायचं होतं. त्याविषयी लिहावंसं वाटण्याचं कारणही तेच.

माइक टांगायची जी रचना होती, तिचं नाव ‘पेंड्युलम म्युझिक’. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराची, १९६८ सालची. माइक मागे ओढून धरायचे, एकदम सोडायचे आणि लंबकासारखे झुलू द्यायचे. माइक स्पीकरच्या डोक्यावरून जाईल तेवढ्यापुरती शिट्टी येते, पुढे गेला की विझते. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ही रचना झाली, तेव्हा माइक सोडायला ब्रूस नाउमन आणि रिचर्ड सेरा यांच्यासारखे दृश्यकलावंत उभे होते. संहिता म्हणजे लेखी सूचना, स्वरलिपी नाहीच. वाचायला पाच मिनिटं लागतात. उभं करायला आम्हाला अख्खी दुपार लागली.

पहिली अडचण माइकच्या वजनाची. गाण्याला सर्रास वापरतात तो एसएम ५८ जेमतेम ३०० ग्रॅमचा, पण सारखे हेलकावे बसले की केबलच्या टोकाशी असलेलं झाळकाम निखळतं. म्हणून भार नायलॉनच्या दोरीवर घेतला आणि केबल तिच्या कडेनं सैल सोडली. तर माइक सरळ झुलेना. केबलच्या पिळामुळे तो दोन-चार हेलकाव्यांत गोल फिरायला लागे आणि स्पीकरच्या बाजूनंच निघून जाई. अशा वेळी शिकलेली मंडळी मोबाइल काढून शोधू लागतात. माझ्या हाताखालच्या पोरानं वर बघितलं आणि म्हणाला, ‘‘झोपाळ्याला दोन दोऱ्या असतात की!’’ मग प्रत्येक माइक पाइपाला दोन ठिकाणी बांधला आणि दोन्ही दोऱ्या खाली माइकपाशी एकत्र आणल्या. झोपाळा जसा पुढे-मागेच जातो तसे माइकही निमूट एका रेषेत झुलू लागले.

दुसरी अडचण माझ्या पोटापाण्याची होती. शिट्टी सलग चालली की स्पीकरमधला वरच्या पट्टीचा ट्विटर तापतो आणि उडतो. स्पीकर माझे स्वतःचे. तेव्हा प्रत्येकाला लिमिटर लावला, वरचे स्वर थोडे उतरवले आणि आवाज अशा जागी आणून ठेवला की माइक बरोबर डोक्यावर असतानाच शिट्टी यावी, हातभर दूर गेला की नाही. ही जागा फार अरुंद असते. फेडर केसभर वर गेला तर शिट्टी थांबतच नाही, केसभर खाली आला तर येतच नाही. आजवर मी या सीमेच्या अलीकडे सुरक्षित अंतर राखून काम केलं होतं. सीमेवर उभं राहायला त्या दुपारी शिकलो, आणि त्यासाठी कामी आलं ते शिट्टी दाबायचंच कसब. कुठला माइक कुठल्या कोनात आधी ओरडेल, हे तिथल्या पदवीधर मुलांपेक्षा मला आधी कळत होतं.

कार्यक्रमाची सुरुवात जॉन केजच्या ‘चार मिनिटं तेहतीस सेकंद’ या प्रसिद्ध रचनेनं होती. २९ ऑगस्ट १९५२ रोजी अमेरिकेतल्या वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक कॉन्सर्ट हॉलमध्ये पियानोवादक डेव्हिड ट्यूडरनं ती पहिल्यांदा सादर केली. तीन भाग, आणि तिन्हीत वादकानं काहीही वाजवायचं नाही. रचना कुठल्याही वाद्यावर करता येते. आमच्याकडे पियानो नव्हता, पेटी होती. पेटीवाला तरुण शास्त्रीय गाण्याला साथ करणारा, चांगल्या हाताचा. त्यानं ठरवलं की प्रत्येक भागाच्या सुरुवातीला भाता मिटून त्याची कडी लावायची आणि भाग संपला की कडी काढायची.

यात माझं काम काय? तर सगळं बंद करणं. पण ‘बंद’ म्हणजे नेमकं कुठपर्यंत, यावर दुपारी चहाबरोबर बराच खल झाला. माइक म्यूट केले तरी ॲम्प्लिफायर चालू असतो आणि स्पीकरमधून बारीक सस्स येत राहते. कार्यक्रम चालू असताना ती कुणाला ऐकू येत नाही, मलाही नाही. मी ॲम्प्लिफायरच बंद केले. ती सस्स गेल्यावर हॉल एकदम मोठा झाल्यासारखा वाटला, भिंती चार पावलं मागे सरकल्यासारख्या. मग मागे राहिलेलं एकेक ऐकू यायला लागलं. एसीची घरघर. पडद्याच्या कड्यांची किणकिण. आणि डोक्यावरून एक बारीक, न थांबणारी गुणगुण. ती अर्ध्यावर आणलेल्या लाइटांची होती. डिमर विजेची लाट कापून कापून पुढे पाठवतो, त्यानं बल्बमधली तार थरथरते आणि गाते. दिवे पूर्ण चढवले की गुणगुण जाते, पूर्ण विझवले तरी जाते. अर्ध्यावर मात्र हमखास.

मी सवयीनं म्हटलं, ‘‘लाइट पूर्ण करून टाकू.’’

‘‘कशाला?’’ ती म्हणाली. ‘‘जे आहे ते असू दे की काका.’’

संध्याकाळी निम्म्याहून जास्त खुर्च्या भरल्या. तरुण पोरं-पोरी होत्या, चित्रकार होते, दोन-तीन नाटकवाले, आणि बहुधा पेटीवाल्याच्या नात्यातली काही वडीलधारी मंडळी. पेटीवाला आला, नमस्कार करून बसला, भाता मिटून कडी लावली, समोर घड्याळ ठेवलं. पहिला भाग तेहतीस सेकंदांचा, तो कुणाला कळलाच नाही. दुसरा दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. त्यात मागच्या रांगेतून एक कुजबुज स्पष्ट ऐकू आली.

‘‘चालू झालं का?’’

‘‘झालं असावं.’’

पुढच्या रांगांतून हसू फुटलं आणि विरलं. बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती चालू होईना. एसीचा कॉम्प्रेसर धाडकन बंद पडला आणि लाइटांची गुणगुण उघडी पडली. मध्यंतरात पहिल्या रांगेतल्या एक वयस्क गायिकाबाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, ‘‘तुमचे दिवे पांढरी पाचच्या जरा वर लागलेत हो!’’ मी मनात हिशेब केला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, गुणगुण तिच्या दुप्पट, १००ची. पियानोवरचा खालचा पांढरी पाच ९८ हर्ट्झचा असतो. बाईंचा कान अगदी बरोबर होता. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे तिकडचे दिवे वेगळ्या पट्टीत गातात. ला माँट यंग नावाच्या संगीतकारानं तर १९६०च्या दशकात आपल्या आधारस्वराची जुळणीच विजेच्या त्या ६० हर्ट्झवर केली होती. आणि हाच यंग पुढे १९७०पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे गाणं शिकला. मी हे सांगितल्यावर बाई मनापासून हसल्या. म्हणाल्या, ‘‘म्हणजे षड्ज कुठून घ्यायचा हा प्रश्न त्यांनाही पडलाच!’’

केजचं आपल्याकडचं नातं त्याहून जुनं आहे. १९४६मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्या पखवाज वाजवत. केजनं त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवायचं आणि त्यांनी केजला भारतीय, असा दोघांचा व्यवहार ठरला. संगीत कशासाठी, असं केजनं विचारलं. तेव्हा मन शांत आणि निर्मळ करण्यासाठी, हे आपल्या गुरूंचं उत्तर त्यांनी सांगितलं. केज ते आयुष्यभर सांगत राहिला. वुडस्टॉकला पियानोचं झाकण मिटून बसलेला डेव्हिड ट्यूडर १९६९मध्ये अहमदाबादला आला आणि तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यानं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. पुढची तीन-एक वर्षं तिथं गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी इलेक्ट्रॉनिक रचना केल्या. त्या फिती संस्थेच्या संग्रहात कित्येक दशकं पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या सापडल्या आणि २०२३मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. तेव्हा ‘हे परदेशी खूळ आपल्याकडे कशाला’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की हे खूळ आपल्याकडे येऊन अर्धशतक उलटलंय, आणि त्याच्या मुळाशी एक पखवाजही आहे.

दुसरी रचना ॲल्विन ल्युसिअरची, १९६९ सालची. संध्याकाळचा गाभा माझ्या मते तोच. यात एक माणूस खोलीत बसून चार वाक्यं बोलतो आणि ती मुद्रित होतात. ते मुद्रण त्याच खोलीत स्पीकरवरून वाजवायचं आणि वाजत असताना पुन्हा मुद्रित करायचं. हे दुसरं मुद्रण वाजवून तिसरं, तिसऱ्यावरून चौथं, असं करत जायचं. ल्युसिअर बोलताना अडखळत असे. आपल्या बोलण्यातले खाचखळगे या प्रक्रियेत गुळगुळीत होतात, असं त्यानं आपल्या मूळ मजकुरातच म्हटलंय. पण मजकूर तोच हवा असं बंधन त्यानं घातलेलं नाही, भाषेचंही नाही. म्हणून त्या मुलीनं मराठीत स्वतःचा मजकूर लिहिला होता. आपण कुठं बसलोय, खुर्ची कशी आहे, पडदे किती जुने आहेत, इतकंच साधं.

दुपारीच तिनं मला सांगितलं होतं, ‘‘काका, इक्यू सगळा शून्यावर.’’

वर्षानुवर्षं खाली ओढून ठेवलेल्या त्या पट्ट्या मी एकेक करून मध्यावर आणल्या. हॉलला इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बोलायची मोकळीक दिली. हात थोडा कचरत होता, हे खरं.

पहिली फेरी म्हणजे नुसतं बोलणं, स्वच्छ. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला एवढंच जाणवलं की ती जरा लांबून बोलतेय. मग व्यंजनं जायला लागली. आधी ‘स’ आणि ‘श’ गेले, कारण काळे पडदे वरचे स्वर पिऊन टाकतात. मग ‘त’, ‘ट’, ‘क’ यांच्या कडा बोथट झाल्या. ‘खुर्ची’चं ‘उई’ झालं, ‘पडदे’चं ‘अए’. सहाव्या-सातव्या फेरीला मजकूर ठाऊक असणाऱ्यालाही शब्द ऐकू येत नव्हते, फक्त बोलण्याची लय उरली होती. वाक्य कुठं संपतं, श्वास कुठं घेतला, एवढंच कळत होतं. आणि मग त्या लयीच्या आतून स्वर वर यायला लागले, लांब आणि गोल, काचेच्या कडेवरून ओलं बोट फिरवल्यावर येतात तसे. तिच्या गळ्यातून निघालेल्या आवाजातले जे स्वर हॉलला मानवत होते तेच दर फेरीला पोसले जात होते, बाकीचे उपाशी मरत होते.

ते स्वर मी ओळखले. २५०चा होता, ३१५चा होता. ज्यांना इतकी वर्षं या हॉलमधून हाकलत आलो ते सगळे माझ्यासमोर एकत्र गात होते, आणि ते सुंदर होते.

शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला हे परकं वाटू नये. तानपुऱ्याच्या तारा पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज अशा लागतात. त्यांत गंधाराची तार नसते. पण जवारी चांगली लागली असेल आणि जुळणी नेमकी असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप वर येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो आणि तो ऐकू आला की गायकाच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. कुणी न वाजवलेला स्वर ऐकण्याची सवय आपल्या कानांना पिढ्यान्पिढ्या आहे. ल्युसिअरनं तेच केलं, तारेच्या जागी खोली घेतली. फरक इतकाच की गवई तानपुऱ्याच्या जोरावर पुढे गातो, आणि ल्युसिअर तिथंच थांबतो.

हे सगळं आपोआप घडतं असं प्रेक्षकांना वाटतं, पण तसं नाही. दर फेरीला वाजवायचा आवाज आणि मुद्रणाची पातळी जुळवून घ्यावी लागते. पातळी जराशी कमी पडली तर चार फेऱ्यांत सगळं विझतं, जराशी जास्त झाली तर एकच स्वर माजून बाकीच्यांना गिळतो. ती लॅपटॉपपाशी, मी मिक्सरपाशी, मधे अख्खा हॉल, आणि आम्ही एकमेकांकडे बघून माना हलवत होतो. साथीला बसलेला तबलजी गायकाकडे बघतो तसं. कार्यक्रमपत्रिकेवर माझं नाव ‘ध्वनिव्यवस्था’ या सदरात होतं. ते ‘साथसंगत’खाली असतं तरी चाललं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटून गेलं.

मध्यंतरानंतरची तिसरी गोष्ट मात्र फसली. तीन तरुण, दोन लॅपटॉप, एक गिटार, पायाखाली पेडलांची रांग. उत्स्फूर्त वादन म्हणे. सुरुवात बरी होती. पण दहा मिनिटांत तिघांनी आपापला आवाज इतका चढवला की कोण काय वाजवतंय हे त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं, आणि मग त्याच पातळीवर ते अर्धा तास राहिले. माझ्या मीटरचा काटा १००च्या आसपास चिकटून होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२मध्ये सभागृहांसाठी ठरवून दिलेली मर्यादा पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची आहे. मी खूण करून आवाज थोडा उतरवला, त्यांनी तो आपल्या बाजूनं पुन्हा चढवला. वयस्क मंडळी उठून बाहेर गेली आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नवीन वाटावं म्हणून केलेलं सगळंच प्रयोग नसतं. प्रयोगात काहीतरी शोधायचं असतं, आणि ते सापडतंय का हे बघायला अधूनमधून थांबून ऐकावं लागतं. त्या तिघांनी ऐकायचं सोडून दिलं होतं. बैठकीत एखादा तबलजी नुसतीच लयकारी दाखवत सुटतो तेव्हाही हेच होतं. त्याला आपण प्रयोग म्हणत नाही, आगाऊपणा म्हणतो.

शेवटची ‘पेंड्युलम’. माइक सोडायला चौघं हवे होते. ती मुलगी, पेटीवाला, माझ्या हाताखालचा पोरगा आणि चौथा मी. अंधारात मागे बसून काम करणाऱ्या माणसाला उजेडात उभं राहायचं म्हणजे हात कुठं ठेवायचे हाच प्रश्न असतो. पण इथं हातात माइक होता आणि तो धरायचं मला ठाऊक होतं. चौघांनी माइक मागे ओढले, नजरानजर झाली, सोडले.

पहिल्यांदा नुसते बारीक चीत्कार. माइक स्पीकरवरून सूं करून जाई आणि ‘ट्वीं’ असा एक ठिपका टाकून पुढे. चारही दोऱ्या साडेतीन मीटरच्या आतबाहेर, एका पूर्ण हेलकाव्याला साडेतीन-पावणेचार सेकंद. पण हातानं बांधलेल्या दोऱ्या अगदी सारख्या कधीच नसतात. सुरुवातीला चौघांचे चीत्कार एकत्र पडत होते, मग सुटे व्हायला लागले. एकापाठोपाठ एक, मधेच दोन एकत्र, मग पुन्हा चारही वेगळे. तबल्याचे आलटून-पालटून फिरणारे बोल ऐकल्यासारखं वाटलं, फक्त इथं बोल कुणीच म्हणत नव्हतं. प्रत्येक शिट्टीची पट्टीही वेगळी होती, कारण कुठला माइक ठरलेल्या वीतभर अंतरापेक्षा दोन बोटं वर होता, कुठला तीन.

माइक सोडले की वादकांचं काम संपतं. राइशची सूचना आहे की त्यांनीही खाली बसून प्रेक्षकांबरोबर ऐकायचं. आम्ही पहिल्या रांगेत जाऊन बसलो. स्वतः लावलेला आवाज प्रेक्षकाच्या खुर्चीतून, हात मोकळे ठेवून, मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. हेलकावे लहान होत गेले तसा माइक स्पीकरवर जास्त वेळ रेंगाळू लागला आणि चीत्कार लांबत गेले. ठिपक्यांच्या रेघा झाल्या, रेघा एकमेकींवर चढल्या. शेवटी चारही माइक जवळजवळ स्थिर झाले आणि चार शिट्ट्यांचा एक जाडसर, थरथरता स्वर सबंध हॉल भरून राहिला. लिमिटर आपलं काम करत होते. तो स्वर किती वेळ ठेवायचा हे आधी ठरवलेलं नव्हतं. बाजूला बसलेल्या त्या मुलीनं मान डोलावली तसा मी उठलो आणि स्पीकरांची मुख्य वायर ओढून काढली. राइशच्या रचनेचा शेवट असाच आहे.

टाळ्या झाल्या, गप्पा झाल्या. एक गृहस्थ थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘अहो, सगळं ठीक आहे, पण यात संगीत कुठं होतं?’’ प्रश्न रास्त होता. राग नव्हता, ताल नव्हता, जाताना गुणगुणावं असं काही नव्हतं. मी त्यांना सांगितलं की मी काही संगीततज्ज्ञ नाही, मी आवाज लावतो. पण या चार गोष्टींपैकी तीन ठिकाणी मला असं काही ऐकू आलं जे रोज माझ्यासमोर असूनही मी ऐकत नव्हतो, आणि चौथ्या ठिकाणी काहीच ऐकू आलं नाही. चांगल्या आणि वाईटातला फरक मला तरी इतकाच करता येतो. ‘‘मग बरोबर आहे,’’ म्हणाले. पटलं की नाही कोण जाणे, पण चहा होईपर्यंत ते थांबले.

पैशाच्या दृष्टीनं अशा संध्याकाळी आतबट्ट्याच्या असतात. तिकिटांतून हॉलचं भाडं सुटलं की मंडळी खूश. मी नेहमीपेक्षा कमी पैसे घेतले आणि नेहमीपेक्षा जास्त राबलो, याची तक्रार नाही. त्यानंतर माझ्या कामात एक फरक मात्र पडला. रिकाम्या हॉलमध्ये शिट्ट्या काढताना आता मी पट्टी खाली ओढायची घाई करत नाही. तो स्वर आधी पुरता ऐकतो, आणि जेवढा कापायला हवा तेवढाच कापतो. गाणाऱ्यांच्या आवाजात त्यानं जरा जास्त जीव राहतो, असं दोघा-तिघा गायकांनी आपणहून सांगितलं. आवाज सुधारायला म्हणून केलेली सगळी कापाकापी गरजेची नसते, हे मला चांगल्या गाण्यांनी शिकवायला हवं होतं. शिकवलं ते झुलत्या माइकांनी.

अशा कार्यक्रमांच्या आयोजकांना एक सांगणं आहे. ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला कार्यक्रमाच्या दिवशी बोलावू नका, पहिल्या तालमीपासून बोलवा. या संगीतात तो वादक असतो आणि वादकाला तालीम लागते. रसिकांना एवढंच सांगेन की पुण्या-मुंबईत अशा मैफली छोट्या जागांमध्ये, जाहिरातीशिवाय होत असतात. कळली की जा. तिकीट काढून जा. अर्थ शोधायला जाऊ नका, पहिली पंधरा मिनिटं नुसतं ऐका, मत त्यानंतर खुशाल बनवा. आणि आवडलं नाही तर तसं कलावंतांना तोंडावर सांगा. या मुलांना कोरड्या टाळ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.